बोर्ड तोच, प्रोसेसर नवा

२०२५ च्या मार्चमध्ये असीरगडच्या शेतांत रात्री-अपरात्री टॉर्च फिरताना दिसत होत्या. 'छावा' चित्रपट नुकताच येऊन गेला होता. बुऱ्हाणपूरच्या लुटीचं दृश्य त्यात होतं, आणि मोगलांचं सोनं अजून इथल्या मातीत आहे अशी आवई उठली. लोक चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन खणायला बसले. आमचं निंबोला त्याच इंदूर-इच्छापूर रस्त्यावर, असीरगड आणि बुऱ्हाणपूर यांच्या मध्ये. जुनं ते सोनं ही म्हण इतकी मनावर घेणारा दुसरा मुलूख नसावा.

मला ही म्हण एका बाबतीत कधीच पटली नाही. स्मरणरंजनाचा नेहमीचा सूर असा, की तेव्हाच्या वस्तू टिकायच्या, आताच्या तकलादू. पितळी हंडा, शिलाई मशीन, आजोबांची सायकल यांच्याबद्दल ते खरं असेल. गेम खेळायच्या कॉम्प्युटरचा हिशेब नेमका उलटा आहे. तेव्हाचा कोरा प्रोसेसर तीन वर्षांत म्हातारा व्हायचा आणि बदलायला गेलं की सगळा डबाच बदलावा लागायचा. आज सात-आठ वर्षं वापरलेल्या मदरबोर्डवर एक चिप बदलली की तोच कॉम्प्युटर पुन्हा खेळायला लागतो. जुन्या प्रोसेसरच्या पिनांना सोन्याचा मुलामा असतो, तो भंगारवाल्याच्या कामाचा. आपल्या कामाचं सोनं आज त्या पिना ज्यात बसतात त्या सॉकेटमध्ये आहे.

तेव्हाची गोष्ट आधी सांगतो. १५ ऑगस्ट २००३ ला बुऱ्हाणपूर खंडव्यापासून वेगळा जिल्हा झाला आणि त्याच साली आमच्या घरी कॉम्प्युटर आला. निमित्त थोरल्या भावाच्या डीसीएचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या डिप्लोमाचं. मध्य प्रदेशात तेव्हा गावोगावी माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठाशी जोडलेली कॉम्प्युटर सेंटरं निघाली होती. खंडव्यातून 'कर्मवीर' चालवणाऱ्या कवी-संपादकाच्या नावाचं ते पत्रकारितेचं विद्यापीठ, आणि आमच्याकडची पोरं त्याच्या सर्टिफिकेटसाठी टॅली शिकत होती. "घरी प्रॅक्टिस झाली पाहिजे," एवढ्या वाक्यावर आजोबा तयार झाले. खरं कारण वेगळं होतं. त्या वर्षी केळीला भाव बरा मिळाला होता. बुऱ्हाणपूर-रावेर पट्ट्यात घरातली कुठलीही मोठी खरेदी अजूनही केळीचा भाव ठरवतो, आणि वैशाखातल्या वादळाने बाग आडवी झाली की ती खरेदी आपोआप पुढच्या साली जाते.

कॉम्प्युटर घ्यायचा तर आमच्या गावातून दोन वाटा होत्या: वर इंदूर किंवा खाली भुसावळवरून जळगाव. दुकानदाराने कोऱ्या कागदावर कोटेशन लिहून दिलं. सेलेरॉन १.७, इंटेलचा ८४५ बोर्ड, १२८ एमबी रॅम, ४० जीबी हार्ड डिस्क, १५ इंची मॉनिटर; सगळं मिळून पंचवीस हजारांच्या घरात. "पेंटियम फोर ले लो भैया, पांच साल देखना नहीं पड़ेगा," असं तो म्हणाला खरा, पण त्याचे वरचे पैसे ऐकून आजोबांनी पिशवीची दोरी आवळली. सेलेरॉन आणि पेंटियम यांत फरक काय, हे विचारायला आम्हाला सुचलं नाही आणि त्यालाही सांगायचं कारण नव्हतं. फरक मुख्यतः कॅशचा होता. प्रोसेसरच्या पोटातली ही अगदी जवळची स्मृती त्या सेलेरॉनमध्ये १२८ केबी होती, तर तेव्हाच्या नव्या पेंटियम ४ मध्ये ५१२. आकडा दोन्हींवर गिगाहर्ट्झचाच लिहिलेला, म्हणून गिऱ्हाईक तोच वाचायचं.

गावात गेम म्हणजे आधी 'डेव्ह' आणि 'रोड रॅश'. मग मार्करने नाव लिहिलेल्या सीडीवरून 'व्हाइस सिटी' आली. मे २००३ मध्ये कॉम्प्युटरवर आलेला हा गेम किमान ८०० मेगाहर्ट्झचा पेंटियम ३ आणि ३२ एमबीचं ग्राफिक्स मागायचा. सेलेरॉनसाठी ही अट १.२ गिगाहर्ट्झची होती. आमचा १.७, म्हणजे कागदावर पास. ग्राफिक्स मात्र बोर्डावरचंच, आणि ते मुळातल्या १२८ एमबी रॅममधूनच आपला वाटा उचलायचं. पावसात गाडी वळवली की चित्र अडखळायचं. खोलीत बसलेल्या दहा-बारा पोरांपैकी कुणाला त्याचं काही वाटत नसे. एक खेळायचा, बाकीचे रस्ता सांगायचे.

अडचण लाईटची होती. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड वेगळा झाला आणि कोरब्याची मोठी वीजकेंद्रं तिकडे गेली. मध्य प्रदेशात भारनियमन असं काही सुरू झालं की २००३ ची विधानसभा निवडणूक 'बिजली, सडक, पानी' यांवरच लढली गेली. 'व्हाइस सिटी'त गेम कुठेही सेव्ह होत नाही, त्यासाठी गाडी पळवत ओशन व्ह्यू हॉटेलपर्यंत किंवा स्वतःच्या दुसऱ्या एखाद्या घरापर्यंत जावं लागतं. यूपीएस टींटीं करायला लागला की हातात पाचेक मिनिटं. पोलीस मागे, यूपीएसची बोंब पुढे, आणि सगळी खोली ओरडतेय, "हॉटेल गाठ, हॉटेल!" त्या खेळाच्या लेखकांनाही एवढा थरार सुचला नसेल.

२००६ उजाडेपर्यंत हे यंत्र थकलं. नवे गेम उघडतही नव्हते. केळीचे थोडे पैसे आले होते, म्हणून फक्त प्रोसेसर बदलायचा विचार झाला. आमच्या बोर्डाचं सॉकेट ४७८. त्यावर पेंटियम ४ बसत होता, पण तो पेंटियम मिळणं आणि चालणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आमचा ८४५ जीएल चिपसेट फक्त ४०० मेगाहर्ट्झची बस, म्हणजे प्रोसेसरला बोर्डाशी जोडणारी वाट, चालवायचा. बाजारात उरलेले चांगले पेंटियम ५३३ किंवा ८०० च्या बसचे. त्यातून चारशेचा सापडला असता तरी ग्राफिक्स कार्ड लावायला बोर्डावर एजीपीची खाचच नव्हती; स्वस्तातल्या ८४५ जीएल बोर्डांना ती दिलेलीच नसे. दुकानदाराने डबा न उघडता निकाल दिला, "४७८ अब कहां आता है भैया, सब ७७५ हो गया."

७७५ घ्यायचं म्हणजे काय, ते त्याने बोटांवर मोजून दाखवलं. बोर्ड नवा. रॅम डीडीआरची डीडीआर-२. एजीपी जाऊन पीसीआय एक्सप्रेस. हार्ड डिस्कची रुंद पट्टीची केबल जाऊन साटा. २० पिनांचा एसएमपीएस जाऊन २४ पिनांचा. शेवटी जुन्यातलं उरलं काय, तर कॅबिनेट, कीबोर्ड आणि मॉनिटर. आजोबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे म्हणजे धोतराला ठिगळ मागायला गेलो आणि शिंप्याने घर बांधायला सांगितलं." खरेदी रद्द झाली.

यात त्या दुकानदाराची लबाडी काही नव्हती, काळच तसा होता. इंटेलचं सॉकेट ३७० गेलं आणि नोव्हेंबर २००० मध्ये ४२३ आलं. ते वर्षभरही टिकलं नाही, ऑगस्ट २००१ मध्ये ४७८ आलं आणि जून २००४ मध्ये ७७५. एएमडीकडेही सॉकेट ए, मग २००३ मध्ये ७५४, २००४ मध्ये ९३९, २००६ मध्ये एएम-२. वेगाची तर शर्यतच लागली होती. मार्च २००० मध्ये एएमडी आणि इंटेल दोघांनी दोन दिवसांच्या अंतराने एक गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला, आणि नोव्हेंबर २००२ मध्ये पेंटियम ४ तीन गिगाहर्ट्झच्या पुढे गेला. पावणेतीन वर्षांत तिप्पट. अशा बाजारात कालची वस्तू आज टिकणार कशी?

ही शर्यत थांबवली उष्णतेने. चिप इतक्या तापायला लागल्या की २००४ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलने चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. २००६ च्या जुलैत आलेला कोअर २ ड्युओ आकड्याने लहान आणि कामाने मोठा होता. १.८ चा नवा प्रोसेसर ३ च्या जुन्याला मागे टाकतो, हे गिऱ्हाइकाला पटवताना दुकानदारांच्या नाकी नऊ आले. तिथून पुढे गिगाहर्ट्झ रांगायला लागले आणि कोअर वाढत गेले. त्याचा फायदा आपल्यासारख्या हात राखून खर्च करणाऱ्यांना झाला. एकच उदाहरण देतो. 'जीटीए ५' एप्रिल २०१५ मध्ये कॉम्प्युटरवर आला, आणि त्याच्या किमान अटीत इंटेलचा क्यू ६६०० होता. तो चार कोअरचा प्रोसेसर जानेवारी २००७ चा. आठ वर्षांपूर्वीची चिप नव्या गेमच्या अटीत बसत होती. २००२ मध्ये निघालेल्या आमच्या सेलेरॉनला २००८ च्या 'जीटीए ४' ने दारातही उभं केलं नव्हतं.

आता आताची गोष्ट. माझा भाचा निंबोल्यातच असतो, शेती बघतो आणि रात्री 'व्हॅलोरंट' खेळतो. त्याचा कॉम्प्युटर २०१८ चा: एएमडीचा रायझन ३ १२००, ए३२० बोर्ड, ८ जीबीची एक रॅम, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड. गेल्या वर्षी त्याचा फोन आला, "मामा, गेम अडकतो. नवीन घेऊ की प्रोसेसर बदलू?" मी त्याला आधी एकही पैसा खर्च करू दिला नाही. गेम चालू असताना टास्क मॅनेजर उघडायला सांगितला. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर राबत असेल तर दोष कार्डाचा, प्रोसेसर बदलून काही होणार नाही. कार्ड निम्मंअधिक मोकळं आणि प्रोसेसर पूर्ण भरलेला असेल तर दोष प्रोसेसरचा. दुसरी परीक्षा त्याहून सोपी. गेमचं रिझोल्यूशन खाली आणायचं. फ्रेम वाढल्या तर कार्ड अडवत होतं, तसूभरही वाढल्या नाहीत तर प्रोसेसर. भाच्याच्या फ्रेम जागच्या हलल्या नाहीत.

२००६ मध्ये आम्हाला हे कळायची सोयच नव्हती. दुखणं कुठे आहे ते दुकानदार सांगेल तेच खरं. आज निदान घरबसल्या, फुकटात होतं. जुन्या दिवसांची आठवण काढताना हा फरक आपण सोयीस्करपणे विसरतो.

रायझन ३ १२०० ला चार कोअर आणि चारच थ्रेड आहेत, म्हणजे एका वेळी चारच कामं. पीएस-५ आणि नवा एक्सबॉक्स २०२० मध्ये आठ दमदार कोअर घेऊन आले, तेव्हापासून गेम लिहिणारे जास्त कोअर गृहीत धरायला लागले. म्हणून चार थ्रेडच्या जुन्या आय-५ वाल्यांनाही हल्ली हाच त्रास होतो. पण भाच्याच्या हातात एक हुकमाचं पान होतं, ते म्हणजे एएम-४ सॉकेट. याच सॉकेटमध्ये २०१७ चा पहिला रायझन बसतो आणि २०२२ चा रायझन ५ ५६०० ही बसतो. सुरुवातीला ए३२० आणि बी३५० या जुन्या बोर्डांना ५००० मालिकेची परवानगी नव्हती. २०२२ मध्ये एएमडीने ती दिली आणि बोर्ड बनवणाऱ्यांनी नवे बायॉस, म्हणजे बोर्ड सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, काढले.

मग निवड उरली एएम-४ मधल्या एएम-४ मध्ये. ५५०० त्यातल्या त्यात स्वस्त. सहा कोअर, बारा थ्रेड, पण कॅश १६ एमबी. ५६०० मध्ये कोअर-थ्रेड तेवढेच आणि कॅश ३२ एमबी. गेमला कॅशची चटक असते, तेव्हा दोघांच्या किमतीत फार अंतर नसेल तर ५६०० घ्यावा. ५६०० जी मध्ये ग्राफिक्स आतच आहे, पण कॅश पुन्हा १६. ज्याच्याकडे वेगळं कार्ड नाही त्याच्यासाठी तो ठीक. ५७०० एक्स-३डी मध्ये कॅश तब्बल ९६ एमबी. त्याचं कौतुक सगळीकडे ऐकू येतं आणि ते खोटंही नाही, मात्र १०५० टीआय सारख्या कार्डाबरोबर तो घेणं म्हणजे पैसे पाण्यात. सेलेरॉनचे १२८ केबी आठवले की या ९६ एमबीकडे बघून हसू येतं. तेव्हाही खरा प्रश्न कॅशचाच होता. फक्त तेव्हा तो आम्हाला कुणी सांगितला नव्हता.

भाच्याने ५६०० घेतला. दहा हजारांच्या आसपासचं हे काम. नव्या एएम-५ वर जायचं तर बोर्ड नवा, प्रोसेसर नवा आणि रॅम डीडीआर-५ च लागते. २०२५ च्या अखेरीला एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी अशी काही वाढवली की रॅमचे भाव कडाडले. त्यामुळे हा दुसरा रस्ता तीस हजारांच्या पुढे सहज जातो. आणखी एक फायदा झाला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या यादीत पहिल्या पिढीतला त्याचा रायझन १२०० नव्हता. ५६०० आहे.

इंटेलवाल्यांचं नशीब इतकं उदार नाही. तिथे आजही दोन-तीन वर्षांनी सॉकेट बदलतं आणि एक सापळा जुन्या बसच्या भानगडीची आठवण करून देतो. सहाव्या-सातव्या पिढीचं सॉकेट ११५१, आठव्या-नवव्याचंही ११५१. चिप बसते, पण जुन्या बोर्डावर चालत नाही. एच११० बोर्ड असेल तर सेकंडहँड आय-७ ६७०० किंवा ७७००, एच३१० असेल तर नवव्या पिढीतला आय-५ वा आय-७, आणि एच६१ असेल तर बायॉस बघून आय-७ ३७७०. सेकंडहँड प्रोसेसरला फार भ्यायचं कारण नाही. त्यात फिरणारं काही नसतं, झिजत नाही. इंदूर-जळगावच्या बाजारात कंपन्यांतून निघालेला असा माल येतो. इंटेलमध्ये चिपच्या मागची टिंबं आणि बोर्डावरच्या पिना बघायच्या. एएम-४ मध्ये पिना चिपलाच असतात, एकही वाकलेली नको. सहाव्या-सातव्या पिढीवर मात्र जास्त पैसे घालू नयेत, कारण विंडोज ११ ची अधिकृत यादी इंटेलमध्ये जवळपास आठव्या पिढीपासून सुरू होते.

चिप बदलतानाच्या दोन गोष्टी आमच्या हवेत जास्त महत्त्वाच्या. पहिली उष्णता आणि धूळ. बुऱ्हाणपूर पॉवरलूमचं गाव. घराशेजारी माग असेल तर हीटसिंकच्या पात्यांत सुताचा गादीसारखा थर बसतो. मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो तेव्हा त्या थराखाली नवा प्रोसेसरही मंदावतो. आधी फुंकणीने साफसफाई, मग नवी थर्मल पेस्ट. जुनी पेस्ट वाळून चिकटलेली असते, म्हणून कूलर काढण्याआधी कॉम्प्युटर दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करायचा, बंद करून वायर काढायची आणि कूलर हळूच पिळत सोडवायचा. सरळ ओढला तर एएम-४ मध्ये चिपच पिनांसकट उपटून येते.

दुसरी गोष्ट लाईटची. नवा बायॉस जुना प्रोसेसर लावलेला असतानाच टाकायचा. आधी चिप बदलली तर पडद्यावर काहीच येत नाही. आणि बायॉस लिहिला जात असताना लाईट गेली, तर बोर्ड बहुधा जिवंत राहत नाही. २०१३ च्या सुमाराला मध्य प्रदेशात शेतीचे फीडर वेगळे झाले, गावातल्या घरांना बरीच सलग वीज मिळायला लागली. तरी वळवाच्या वाऱ्यात केळीबरोबर तारा पडतातच. भाच्याने शेजारून यूपीएस मागून आणला, टींटीं करणारा, आणि बायॉसचा पट्टा शंभर टक्क्यांवर जाईपर्यंत घरातल्या कुणाला मिक्सर लावू दिला नाही.

हे सगळं सांगितल्यावर जुन्या दिवसांचं काहीच चांगलं नव्हतं असं म्हणणार नाही. त्या खोलीतली दहा-बारा पोरं आता एका पडद्यापुढे बसत नाहीत. भाच्याच्या टीममधला एक रावेरचा, एक पुण्याचा, सगळे कानाला हेडफोन लावून आपापल्या घरात. त्यांचा आरडाओरडा त्यांनाच ऐकू येतो. तेव्हाचं जे हळहळण्यासारखं आहे ते एवढंच, आणि त्याचा प्रोसेसरशी संबंध नाही. यंत्राच्या बाबतीत आजचं गरीब गिऱ्हाईक कालच्यापेक्षा सुखी आहे. त्याला दुखणं कळतं, औषध निवडता येतं आणि सगळा डबा न बदलता काम भागतं.

तेव्हा तुमच्याकडे एएम-४ चा जुना कॉम्प्युटर असेल तर माझा सल्ला सरळ आहे. आधी परीक्षा करून दोष प्रोसेसरचाच आहे याची खात्री करा. रॅमची एकच पट्टी असेल तर जोडीला दुसरी लावा. बोर्ड बनवणाऱ्याच्या यादीत चिपचं नाव आणि लागणारा बायॉस बघा, मग ५६०० घ्या आणि तिथेच थांबा. उरलेले पैसे पुढच्या ग्राफिक्स कार्डासाठी बाजूला ठेवा. केळीला भाव नेहमीच मिळतो असं नाही.